औषध थुंकायचं नसतं

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. घरात एखादं लहान मूल दूध मागताना ऐकलं की ती आपली आपण समोर येऊन बसते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटात रुळांवरची प्रेतं गोळा केली. ते सगळं वयाबरोबर पुसट होत गेलं. ही एक मात्र जशीच्या तशी राहिली, कारण या प्रकरणात गुन्हेगार कुणीच नव्हता आणि तरी मी एका बाईला अकरा दिवस कोठडीत ठेवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. मी कर्जत ठाण्यात नवा फौजदार होतो. वय तिशीच्या आत, अंगावर कडक इस्त्रीची खाकी, आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो अशी पक्की समजूत. हाताखाली एक जुने जमादार होते. त्यांची पानाची चंची आणि चुन्याची डबी ठाण्याच्या टेबलावर कायम पडलेली असायची. मी दोनदा त्यावरून बोललो, मग नाद सोडला.

त्या बुधवारी सकाळी एका वाडीचे पोलीस पाटील स्वतः चालत ठाण्यावर आले. पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला कुणब्यांची पंधरावीस घरं, ती त्यांची वाडी. पाटील सहसा वर्दी कुणाच्या तरी हाती पाठवायचे. स्वतः आले म्हणजे काहीतरी वेगळं आहे एवढं मी ओळखलं.

"सायेब, काल पोर मेली येक. नऊ वर्षांची," ते म्हणाले. "अकस्मात मयत म्हनून लिवता येईल. पन आधी माजं ऐका. सावत्र आय हाय घरात. शेजारीन कायबाय बोलतेय. मी मयत उचलू दिली नाय."

आम्ही निघालो. पोरीला ओटीवर घोंगडीवर ठेवलं होतं. तोंडाशी वाळलेल्या लाळेच्या रेघा होत्या, दोन्ही हातांची बोटं आत वळून ताठरली होती. पुढचे दोन दात किडून काळे पडलेले. इतकी बारीक पोर होती की पंचनाम्यात उंची लिहिताना जमादारांनी टेप दोनदा लावली. तिचा बाप रेल्वेत गँगमन. आदल्या दिवशी तो ठाकूरवाडीकडे रुळांच्या कामावर होता. दुपारी निरोप मिळाला तेव्हा पोरगी संपली होती. तो भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाकडेच पाहत नव्हता. पोरीची सख्खी आई चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. ही दुसरी बायको, पंचविशीच्या आतबाहेरची, मांडीवर आठ महिन्यांचा मुलगा. डोळे सुजलेले होते. मला वाटलं, दाखवायला रडलेली दिसते. तेव्हा मला असंच सगळं दिसायचं.

शेजारीण विधवा होती, बोलण्यात सरळ. तिचा जबाब मी शब्दशः उतरवून घेतला.

"सकाळी उठल्या उठल्या हिनं पोरीला परसात नेलं. हातावर कायतरी वतलं. पोरगी प्याली. तोंड वाकडं केलं तर ही म्हनाली, पी गं, पी. परत वतलं. लय येळा वतलं. मग पोरीचा वला हात धरून तिच्याच डोक्यावरनं फिरवला. मंतर म्हनत व्हती का काय, देवाला ठावं."

"मग?"

"मग घटकाभरानं पोरगी वकाय लागली. पोटात कळा. लाळ थांबंना. दूध दे गं आये, दूध दे, म्हनून रडत व्हती. चुलीजवळ दुधाचं भांडं भरलेलं, मी माज्या डोळ्यांनी बघितलं सायेब. हिनं येक घोट दिला नाय. मी द्यायला गेले तर माजा हात धरला."

भरलेलं भांडं, तडफडणारी पोर आणि हात धरणारी सावत्र आई. मला आणखी काही नकोच होतं.

मी बाईला विचारलं, "पोरीला काय पाजलंस?"

"काय नाय पाजलं सायब."

हे पहिलंच उत्तर खोटं होतं आणि ते खोटं आहे हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरूनही कळत होतं. घराची झडती घेतली. धान्याच्या कणगीत हात घातले, चूल उकरली, परसातली माती हलवली. बाटली नाही, पुडी नाही, काही नाही. पुरावा नाहीसा केला असं मी लिहिलं. गुन्हा कलम तीनशे दोनखाली दाखल झाला आणि ती बाई आमच्याबरोबर कर्जतला आली. बाळाला बापाजवळ दिलं तेव्हा तिनं त्याचं टोपडं नीट बांधलं, एवढंच.

प्रेत दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पोटाच्या आतून दाह झालाय, सोमलाचं विष असावं. आतडी, जठर, काळीज काचेच्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात घालून, सील करून एका शिपायाबरोबर मुंबईला सरकारी तपासणीला पाठवली. मॅजिस्ट्रेटकडून रिमांड घेतला. सगळं कायद्याप्रमाणे झालं. कागद बघणाऱ्याला आजही त्यात खोट सापडणार नाही.

चौकशी सुरू झाली. मी तिला मारलं नाही, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. न मारताही माणसाला पुष्कळ काही करता येतं.

"शेजारणीनं पाहिलंय. हातावर काय ओतत होतीस?"

"पानी व्हतं."

"पाणी पिऊन पोरगी मरते?"

ती तळहाताकडे बघत बसली.

"बरं, दूध का दिलं नाहीस? घरात होतं की नाही?"

"व्हतं."

"मग?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दूध चालत नाय म्हनून."

"का चालत नाही?"

यावर मात्र तिनं ओठ मिटले ते मिटलेच. मी डायरीत लिहिलं, आरोपी उडवाउडवीची उत्तरे देते. आज ते वाक्य वाचलं की लाज वाटते. सगळी केस तिनं चार शब्दांत माझ्यासमोर ठेवली होती. दूध कशावर चालत नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईनं मला सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही, कारण सावत्र आई दूध का देत नाही याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

तिचा नवरा रोज कामावरून सुटला की बाळाला घेऊन ठाण्यावर यायचा. सकाळी वाडीतली एक म्हातारी यायची. असं दोन वेळा बाळाला अंगावर पाजायची मी परवानगी दिली होती. नवरा बाहेर आंब्याखाली बसायचा. त्यानं तिची बाजू घेतली नाही की तिच्याविरुद्ध शब्दही काढला नाही. एकदा मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं? ही असं करील?"

तो जमिनीवरचा खडा बोटानं फिरवत राहिला. मग म्हणाला, "पोरगी तिलाच आय म्हनायची सायब. मला तर कळत नाय काय."

आठव्या दिवशी मुंबईचा अहवाल आला. सोमल नाही, अफू नाही, धोतरा नाही, बचनाग नाही, पारा नाही. तपासलेल्या विषांपैकी एकही आढळलं नाही. जमादारांनी चुन्याची डबी मिटली आणि म्हणाले, "मग करणीच की साहेब." मी त्यांच्यावर खेकसलो. पण माझ्या हातातून केस निसटत होती आणि वरून विचारणा होत होती. तेव्हा मी जे केलं ते इथे लिहितोय. कबुली काढण्यासाठी मी बाळाला तिच्याजवळ आत न्यायचं बंद केलं.

दोन दिवस. बाळ बाहेर आंब्याखाली रडायचं आणि ती आत गजांना धरून उभी असायची. दुसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याचा पदर छातीवर दुधानं भिजून कडक झाला होता. तिनं एकदाही माझ्यापुढे हात जोडले नाहीत. जोडले असते तर मी कदाचित विरघळलो असतो, आणि बहुतेक म्हणूनच मला तिचा राग येत होता.

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिला फणफणून ताप भरला. तोंड आलं होतं, ओठ फुटले होते. मी दवाखान्याच्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं छातीवर शेक सांगितला, तापाची पुडी दिली, बाळाला आत्ताच्या आत्ता आणायला सांगितलं आणि तोंडासाठी पोटॅशचं लाल पाणी करून भांड्यात दिलं.

"गुळणी करायची. तोंडात खुळखुळवायचं आणि थुंकायचं," त्यानं नीट समजावलं. तिनं मान डोलावली. मग उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. त्यानं भांड्यातलं पाणी ओतलं. तिनं तोंडाला लावलं आणि घटकन गिळून टाकलं. ओला हात डोक्यावरून मागे फिरवला आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

कंपाउंडर वैतागला. "अगं, गिळतेस काय? थुंक म्हटलं ना?"

"औषद थुकायचं नसतं," ती म्हणाली. तापात होती, जपून बोलायचं भान उरलं नव्हतं. "देनाऱ्याच्या हाताचा गुन जातो."

मी दारात उभा होतो. ओला हात डोक्यावरून फिरवलेला मी पाहिला आणि शेजारणीचा जबाब मला माझ्याच अक्षरात आठवला. पोरीचा ओला हात धरून तिच्याच डोक्यावरून फिरवला. मंत्र नव्हता तो. देवळात तीर्थ घेतल्यावर आपण सगळेच करतो ते होतं.

मी कंपाउंडरला बाहेर पाठवलं. खाली बसलो. कोठडीत आरोपीसमोर जमिनीवर बसण्याची माझी ती पहिली वेळ.

"बाई, पोरीला औषध दिलं होतंस ना?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"कुणी दिलं होतं?"

"आन घातलीय सायब. पोरीच्या डोक्याची."

"पोरगी गेली गं आता."

"गेली म्हनून आन सुटते व्हय?"

मग बाळ आलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं. दुखत असणार, तिनं डोळे गच्च मिटले होते. बाळ पिऊ लागल्यावर थोड्या वेळानं तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. तिचं म्हणणं मी जमेल तसं तिच्याच शब्दांत देतो.

"शाळंत दातांचं डाक्तर येत्यात, मुंबैचं. दर शनवारी पोरांच्या दातांना औषद लावत्यात. मग दात किडत नाय म्हनं. आमची पोरगी शाळंत नव्हती. या बाळापायी सुटली तिची शाळा. बाळाला कोन बघनार, मी शेतावर. तिचे दात दुखायचे सायब, उशाशी बसून रडायची. शाळंत असती तर तिला बी लावलं असतं. माज्या पोरामुळं तिचं राह्यलं. मी मास्तरांच्या पाया पडले. मास्तर नाय म्हनत व्हते, शाळंतल्या पोरांचंच हाय म्हनाले. मग सोमवारी कपाटातनं येक बाटली काढून दिली. कुनाला सांगनार नाय म्हनून आन घ्यायला लावली."

"मास्तरांनी कसं द्यायला सांगितलं होतं?"

"कापसानं लाव नि थुकाय लाव, म्हनाले. पन थुकून गुन कसा येनार? अन् तिचे तीन शनवार चुकले व्हते. म्हनून सगळं दिलं. अनशापोटी दिलं, गुन लवकर यावा म्हनून. खारट लागतं गं आये, म्हनाली. मी म्हनलं पी. बाटली धुतली नि शाळंच्या खिडकीत ठिवून आले. परत आले तवा पोरगी वकत व्हती."

"आणि दूध?"

"औषदावर दूध चालतं का सायब? पथ्य असतं. मागत व्हती, लय मागत व्हती. माजं मन तुटत व्हतं. पन म्हनलं आता दिलं तर औषद बाधंल."

तिला अजूनही औषधाचा संशय आला नव्हता. पोरीला बाहेरची बाधा झाली, औषध उशिरा पडलं, अशी तिची समजूत होती. आपल्यावर खुनाचा आळ आहे हे तिला कळत होतं, तरीही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ तिनं अकरा दिवस मोडली नव्हती.

शनिवार होता. माझ्या एकदम लक्षात आलं आणि मी जमादारांना घेऊन टांग्यानं शाळेकडे निघालो.

शाळा पुढच्या गावात, एका धर्मशाळेच्या पडवीत भरायची. तिथे मुलं रांगेनं बसली होती. दातांचे डॉक्टर एकेकाचा जबडा उघडून, दात कोरडे करून, चिमटीतल्या कापसानं बाटलीतलं पाणी लावत होते. म्हातारे गृहस्थ, लढाईत बॉम्बच्या भीतीनं मुंबई सोडून कर्जतला राहायला आलेले. गरिबांच्या मुलांसाठी हे काम फुकट करायचे. प्रत्येक मूल उठून पडवीच्या कडेला जायचं आणि थुंकायचं. डॉक्टर मागे वळून ते थुंकलं की नाही बघायचे. मास्तर शेजारी कापूस फाडून देत उभे होते. मधल्या शनिवारीही ते असेच उभे होते. खिडकीत धुतलेली बाटली सापडली त्या दिवसापासून त्यांना सगळं ठाऊक होतं.

मला पाहून मास्तरांच्या हातातला कापूस खाली पडला. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी तिला थुंकायला सांगितलं होतं हो. तीनतीनदा सांगितलं होतं."

डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगत गेलो तसे ते हळूहळू खाली बसले.

"किती प्यायली?"

"बाटलीभर. दोन औंस."

त्यांनी मुलांना घरी पाठवायला सांगितलं. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग बोलले. त्या पाण्यात सोडियम फ्लोराइड नावाचा पदार्थ होता. परदेशात नुकतंच लक्षात आलं होतं की तो दातांवर लावला तर दात टणक होतात, कीड कमी लागते. कापसाला लागेल एवढंच घ्यायचं आणि वरचं थुंकायचं, म्हणजे मुलाला काही होत नाही. पण तोच पदार्थ पोटात जास्त गेला तर रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून बसतो. मग उलट्या, कळा, हातापायाला पेटके आणि शेवटी हृदय थांबतं. मुंबईत हीच भुकटी झुरळं मारायला विकतात, असंही त्यांनी सांगितलं.

"बाटलीवर विष असं का लिहिलं नाहीत?" मी विचारलं.

"लिहिलं असतं तर एका तरी आईनं मूल पाठवलं असतं का?" ते म्हणाले, आणि लगेच मान खाली घातली. "चुकलं माझं. लिहायला हवं होतं."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मुलीला दूध पाजलं होतं का कुणी? या विषावर घरात सापडणारा उतारा तोच. दूध, नाहीतर चुन्याची निवळी. वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण दवाखान्यात आणेपर्यंत वेळ मिळाला असता."

जमादार पान लावत होते. चुन्याची डबी त्यांच्या हातात तशीच उघडी राहिली. अकरा दिवस ती डबी माझ्या टेबलावर, त्या बाईच्या आणि माझ्या मधे होती. परतीच्या वाटेवर जमादारांनी पान लावलं नाही.

डॉक्टरांच्या बाटलीतला नमुना मुंबईला गेला, राखून ठेवलेली आतडी पुन्हा तपासली गेली आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. खून नाही, गैरसमजातून घडलेला मृत्यू, असा अहवाल देऊन मी मॅजिस्ट्रेटकडे 'सी' समरी, म्हणजे गुन्हा चुकीच्या समजुतीतून नोंदला गेला म्हणून केस बंद करायचा हुकूम, मागितली. मास्तरांवर खात्यानं चौकशी बसवली आणि त्यांची दूर बदली झाली. माझा त्यांच्यावर फार राग होता. ते वाईट नव्हते. पाया पडणाऱ्या बाईला त्यांना नाही म्हणवलं नाही, आणि नंतर नोकरीच्या भीतीनं खरं बोलवलं नाही. दातांचे डॉक्टर बंगला बंद करून मुंबईला गेले. त्यानंतर त्या भागातल्या मुलांच्या दातांकडे कुणी बघितलं नाही.

त्या बाईला मात्र मी या कागदांची वाट न पाहता त्याच शनिवारी संध्याकाळी मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं सोडलं, आणि सोडताना समोर बसवून सांगितलं. औषध दातांना लावायचं होतं, पोटात गेलं म्हणून त्याचं विष झालं. तुझ्या मनात पाप नव्हतं हे मला पटलं आहे. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. नवरा दाराशी बाळाला घेऊन उभा होता. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"म्हंजे मीच घातलं तिला."

मी समोरचा कागद दुमडला.

"पन सायब, दूध नाय दिलं, तेवढं तरी बरं केलं ना मी?"

तिचे डोळे माझ्यावर होते. त्या दिवसांत मी तिच्याशी जे वागलो होतो ते सगळं मला आठवलं. मी म्हणालो, "हो. बरं केलंस."

नोकरीत मी आरोपींना फसवायला पुष्कळ खोटं बोललो. दयेपोटी बोललेलं हे एकच, आणि त्यातूनच पुढे अनर्थ व्हायची वेळ आली.

चारपाच महिन्यांनी तोच कंपाउंडर मला ठाण्यावर भेटला. वरच्या ठाकरांच्या वाडीतलं एक पोर मोगली एरंडाच्या बिया खाऊन आजारी पडलं होतं. दवाखान्यात आणलं म्हणून वाचलं. "पण काय अडाणी लोक साहेब," तो म्हणाला. "पोर दूध मागत होतं तर आई देईना. म्हणे विषावर दूध देत नाहीत, खालच्या वाडीतल्या बाईला फौजदारसाहेबांनी स्वतः सांगितलंय."

तो सहज बोलून गेला. माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच वाडीवर गेलो. पाटलांना सांगून बायकांना मारुतीच्या पारापाशी बोलावलं, वरच्या वाडीतल्याही आल्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "लेकराच्या पोटात दातांचं औषध गेलं किंवा काही भलतं गेलं, तर दूध अडवू नका. पथ्य म्हणून तर मुळीच अडवू नका. मागेल तेवढं पाजा आणि लगेच दवाखान्यात आणा. मी आधी याच्या उलट बोललो होतो, ते खोटं होतं."

ती मागे उभी होती, मुलगा कडेवर. तिच्याकडे न बघता बोलायचं असं मी ठरवून गेलो होतो, पण शेवटचं वाक्य मला तिच्याकडे बघितल्याशिवाय बोलता आलं नाही. तिचा चेहरा हलला नाही. बायका पांगल्या. ती तिथेच राहिली. मी जवळ गेलो.

"म्हंजे त्या दिवशी दूध दिलं असतं तर..."

"डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कदाचित वेळ मिळाला असता."

मुलगा तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होता. वर घाटात मालगाडी चढत होती, बाई तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी खरं बोलला असता, तर मी घरी न जाता हिरीत उडी घेतली असती. आज बोललात. आज हा चालाया शिकतोय." मुलाचे पाय तिनं हातात धरले. "घरी जाते सायब. याला दूध द्यायचंय."

ती गेली. पुढे माझी बदली झाली. नंतर काही वर्षांनी खालापूरच्या बाजारात तिचा नवरा भेटला, मुलगा शाळेत जातो म्हणाला. बाईबद्दल मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. आरोपीनं उत्तर दिलं नाही म्हणून तो लपवतोय असं धरू नये. आपला प्रश्न चुकीच्या माणसाला, चुकीच्या सुरात गेला असेल, हे आधी पाहावं. आणि आपल्याजवळ उत्तर तयार असलं तर त्या दिवशी चौकशीच करू नये. हे मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाळलं. त्या बाईचे अकरा दिवस आणि तिच्या बाळाचे दोन दिवस त्यानं परत येत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

आता नातवाच्या टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड हे तेच नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मी आमच्या दातांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, वाटाण्याएवढं घ्यायचं, गिळू द्यायचं नाही, मग चांगलंच आहे. घरातले माझ्यावर हसतात, पण नातू ब्रश करतो तेव्हा मी मोरीच्या दाराशी उभा असतो आणि तो थुंकेपर्यंत हलत नाही. मग त्याला दूध देतो. ते मी स्वतः देतो, त्यानं मागायची वाट पाहत नाही.